शाळेच्या पटांगणात वाल सोलताना

शाळेच्या वर्धापनदिनाच्या जेवणाला आचारी बोलवायची बाळकुमात पद्धतच नव्हती. मिठागरवाल्या घरांनी जागा देऊन उभी केलेली शाळा. आदल्या दुपारी माजी विद्यार्थीच पटांगणात मोड आलेले वाल सोलायला बसायचे... आपापल्या बॅचने.

म्हणून तर दोन वर्षं पुढचा हर्षित दर्शनाच्या परातीपाशी टेकला, तसं शेजारच्या भीमाबाईंचं लक्ष गेलंच.

"आरं हर्षित, तुजी बॅच त्या कोपऱ्यान हाय ना?"

"आजी, तिकडचे वाल संपले."

तिकडे अजून ढीग पडला होता. पटांगण हसलं. दर्शनाचे कान तापले.

"नाशिकची शाळा कायमची नोकरी देतेय," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी कळवायचंय. जाऊ... का राहू?"

तिच्या चिमटीत सोललेल्या वालाची डाळिंबी चिरडली. नजर पहिल्या बॅचकडे गेली. तिथे अप्पा, तिचे वडील, याच शाळेचे निवृत्त हेडमास्तर, बायपासनंतर पहिल्यांदाच इतके मोकळे हसत होते. आई हयात नव्हती. त्यांना एकटं सोडून हर्षितबरोबर नाशिकला...

"मला काय विचारतोस? तुझं तू ठरव."

"बरं," तो म्हणाला — आणि उठलाच.

घरी जाताना अप्पा म्हणाले, "मला माझ्या गोळ्या घेता येतात गं. माझं निमित्त करू नकोस."

"कसलं निमित्त? पायाखाली बघा."

पहाटे अप्पा उठलेच नाहीत.

वाल शिजले, पण पंगत बसली नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. बॅचेस पाळीने डबे पोचवू लागल्या. फाटक वाजलं की दर्शना दचकायची. हर्षितच्या बॅचचा डबा दोनदा आला, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाच्या हातून. गेला असेल का... न सांगता?

बाराव्याच्या आदल्या दिवशी तो स्वतः आला.

"सोमवारी हजर व्हायचंय," डबा ठेवत तो म्हणाला. "येतो. जेवत जा वेळेवर."

ओसरीवर भीमाबाई, आत्या, अप्पांचे वर्गमित्र. इतक्या माणसांत कसं... आणि आता आड लपायला अप्पाही नव्हते.

तो चपला घालू लागला.

"हर्षित!"

ओसरीवरचं बोलणं थांबलं.

"नाशिकला जायचं तर जा, ते आपण बघू... पण तू विचारलेलंस, मी उत्तर दिलंच नाही. मला तू आवडतोस. नववीपासून."