भासवाघाची हद्द

वैजयंती मुनघाटेला त्या हंगामात तीन गोष्टी मिळण्यासारख्या होत्या. पहिली, सावलघाटच्या वनभूदृश्य केंद्रातली मुख्य नकाशाकाराची खुर्ची. दुसरी, तिनं शोधलेल्या पद्धतीला तिचं नाव. आणि तिसरी, या दोन्ही गोष्टी निनाद खेडीकरला न मिळणं. तिसरीबद्दल ती कुणाजवळ बोलली नव्हती. पण मनातल्या मनात वजन केलं असतं, तर काटा तिसरीकडेच झुकला असता.

दोघांची टेबलं शेजारी होती, हेच मूळ दुखणं. जमिनीच्या अभ्यासकांचा पहिला धडा असतो की जवळच्या गोष्टी लांबच्या गोष्टींपेक्षा एकमेकींशी जास्त बांधलेल्या असतात. माती, पाऊस, झाडं, सगळ्यांना हा नियम लागू पडतो. हेव्यालाही पडतो. दूरदेशीच्या कुणा शास्त्रज्ञाला जगातला सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा वैजयंतीनं खुशाल पेढे वाटले होते. निनादला नवी खुर्ची मिळाली, तीही फक्त बसायची, चाकांची, तर तिची पाठ आठवडाभर दुखत होती.

आता त्यांच्या कामाविषयी. सावलघाटच्या रानात त्या काळी दोन जातींचे वाघ होते: खरे आणि भासवाघ.

वाघाला वनखात्याचा फलक वाचता येत नाही. दुसऱ्या वाघानं झाडाच्या बुंध्यावर मारलेला फवारा मात्र तो नीट वाचतो. एका हुंगण्यात त्याला कळतं, हा नर की मादी, जवान की थकलेला, आज येऊन गेला की गेल्या पंधरवड्यात. हद्द कुणाची, हे तो डोळ्यांनी नाही, नाकानं ठरवतो. रसायनशास्त्रज्ञांनी हा वास प्रयोगशाळेत हुबेहूब बनवला आणि सगळं पालटलं. रानात गुडघाभर उंचीचे करडे खांब उभे राहिले. त्यांना गंधखुंट म्हणत. ठरावीक क्रमानं एकेक खुंट वास सोडी आणि खऱ्या वाघाला वाटे, इथं एक दांडगा नर रोज फेरी मारतोय. हा कधी न जन्मलेला नर म्हणजे भासवाघ. प्रत्येक गावाभोवती एकेक भासवाघ पहारा देई. खरे वाघ त्याला भिऊन लांब राहत आणि माणसं निर्धास्त झोपत.

भासवाघाला जागा नेमून देणं हे वैजयंतीसारख्या भूविदातज्ज्ञांचं, म्हणजे जमिनीची आकडेवारी मांडणाऱ्यांचं काम. रानाचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खऱ्या वाघाला किती भीती वाटेल याचा आकडा काढायचा. असा जो नकाशा तयार होई त्याला केंद्रात धाक-नकाशा म्हणत. गडद लाल म्हणजे फार धाक, फिकट म्हणजे कमी. वाघ फिकटाकडे सरकतो, एवढं समजलं की अर्धं शास्त्र समजलं.

त्या हंगामात केंद्रानं दोघांची परीक्षा लावली होती. नदीच्या अलीकडचं हिरडगाव वैजयंतीकडे, पलीकडची तेंदूझरी निनादकडे. ज्याची पद्धत सरस, त्याच्या हाती सगळं रान.

निनादचा भासवाघ पहिल्याच महिन्यात गाजला. तेंदूझरीच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘पाटीलबुवा’. वाघोबाच्या जुन्या चौथऱ्याशेजारी जो गंधखुंट होता त्याला शेंदूर फासला, नारळ वाढवला. वैजयंतीच्या भासवाघाला हिरडगावात कुणी साधं नावही ठेवलं नाही.

एके दिवशी हिरडगावच्या सरपंच इंदुताई उईके थेट तिच्या टेबलासमोर येऊन बसल्या. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू का जी? आमच्या गावाले लहान वाघ काऊन दिला?”

“लहान नाही हो ताई. पुरेसा आहे. एकही वाघ आला का गावात?”

“नाही आला. पण तेंदूझरीचा मोठा हाय म्हणते. माझी बहीण सिंधू तिथं सरपंच हाय. परवा लग्नात भेटली तर चारचौघींत म्हणते, इंदे, आमच्या पाटीलबुवाची डरकाळी तुमच्या गावापर्यंत येते म्हणून तुम्ही जगून राहिले.”

“भासवाघ डरकाळी फोडत नाही, ताई. तो नुसता वास असतो.”

“मले माहीत हाय. तिलेही माहीत हाय. पण बोलली ना!” इंदुताईंनी पदर सावरला. “लहानपणापासून तशीच हाय. भाकरी तेवढीच असे, पण हिची म्हणे फुगलेली.”

शेजारच्या टेबलावर निनाद स्क्रीनकडे बघत मन लावून काम करत होता; म्हणजे एकेक शब्द ऐकत होता. “वैजयंती,” तो मान न वळवता म्हणाला, “हवा तर आमच्या बुवांचा एखादा धाकटा भाऊ देऊ का तुम्हाला?”

इंदुताई खळखळून हसल्या. वैजयंतीही हसली. तिच्या हसण्याला आवाज तेवढा नव्हता.

इंदुताई गेल्यावर तिनं नदीकाठच्या खुंटांचा जोर वाढवला. नोंदीत कारण लिहिलं, ‘ग्रामस्थांची मागणी’. आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निनादच्या काठावरचा लाल रंग गडद झालेला दिसला. त्यानंही कारण लिहिलं होतं, ‘शेजारील हद्दीतील बदलास अनुसरून’. मग तिनं वाढवला. मग त्यानं. चहाच्या वेळी दोघं एकमेकांना बिस्कीट पुढे करत आणि ‘आज डोळे थकलेले दिसतात हो’ असं आपुलकीनं विचारत. नदीच्या दोन्ही तीरांवर मात्र दोन न जन्मलेले नर एकमेकांवर गुरगुरत होते. अशी झुंज निसर्गात झाली असती तर दोन-चार दिवसांत एक जण जखमी होऊन निघून गेला असता. इथं दोघांनाही शरीर नव्हतं. त्यामुळे थांबायला काही कारणच नव्हतं.

या दोघांच्या मधोमध, नदीकाठच्या बांबूत, एक खरी वाघीण राहत होती.

तिच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे ती कुठं आहे ते पडद्यावर ठिपक्यासारखं दिसे. केंद्रात तिला ‘रेवती’ म्हणत. तिची दोन पिल्लं जेमतेम मांजराएवढी होती. परका नर हद्दीत आला की तो आधी पिल्लांना मारतो, म्हणजे मादी पुन्हा माजावर येते. प्रत्येक वाघिणीला हे उपजत कळतं. रेवतीच्या नाकाला आता एका बाजूनं एक परका नर येताना कळत होता आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा. रोज आणखी दांडगे, रोज आणखी जवळ.

तिचा ठिपका आधी उत्तरेला गेला, परतला. दक्षिणेला गेला, परतला. मग काही दिवस एकाच जागी घुटमळला. वैजयंतीनं धाक-नकाशा मोठा करून त्या ठिपक्याभोवतीचे चौकोन न्याहाळले. सगळे लाल. ही जाणार कुठं, असं म्हणत तिनं नजर फिकट चौकोनाच्या शोधात फिरवली आणि ती एका पांढऱ्या डागावर येऊन थबकली.

पांढरा डाग म्हणजे तेंदूझरी गाव.

गावांचे चौकोन धाक-नकाशात कधीच नसत. गावात खुंट ठोकले तर वाघाच्या वासानं गुरं गोठ्यात शिरत नाहीत, म्हणून खुंट गावाबाहेर कड्यासारखे लावायचे. आणि ‘वाघ गावात राहत नाही’ असं गृहीत धरून गावाची जागा गणितातूनच झाकून टाकायची. या कामात नवं माणूस आलं की त्याला पहिल्याच दिवशी हे झाकण घालायला शिकवत. वैजयंती हे शिकली, निनाद शिकला, दोघांनी इतरांना शिकवलं. झाकलेल्या चौकोनाला आकडा नसतो आणि आकडा नाही त्याचा माणूस विचार करत नाही.

पण रेवतीला झाकण दिसत नव्हतं. तिच्या नाकाला एवढंच कळत होतं की पिल्लांना घेऊन नदी न ओलांडता गाठता येईल अशी एकच जागा आहे जिथं एकाही नराचा वास नाही, आणि ती कड्याच्या आत आहे. जीव मुठीत धरून एकदाच कडं ओलांडलं की पिल्लं सुखरूप.

ठिपका तेंदूझरीच्या दिशेनं सरकत होता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. निनाद हाताच्या अंतरावर होता. वैजयंतीनं खुर्ची वळवलीसुद्धा. “निनाद, ऐक ना.”

“एक मिनिट हं.” तो फोनवर होता, संचालकांशी. “हो सर, हिरडगावची बाजू जरा कच्ची आहे, पण ती आपण नंतर सांभाळून घेऊ. नाही सर, वैजयंती मेहनती आहे, तिला काही म्हणायचं नाही.” त्यानं फोन ठेवला. “हं, काय म्हणत होतीस?”

मेहनती! इतक्या वर्षांच्या कामाचा इतका स्वस्त निकाल तिनं याआधी ऐकला नव्हता.

“काही नाही,” ती म्हणाली. “तुझ्याकडे स्टेपलर आहे का?”

त्यानं स्टेपलर दिला. टेबलावर एकही कागद नसताना ती तो हातात घेऊन बसली. जाईल आणि परतेल, तिनं स्वतःला समजावलं. फार तर एखादी शेळी नेईल. निनादची पद्धत फसली एवढं सगळ्यांना दिसेल. तिच्या हिशेबात शेळी होती. हिशेबात माणूस नव्हतं, कारण माणसं झाकणाखाली होती.

तेंदूझरीत बचतगटाची धानाची कोठी होती. कापणीनंतर भरायची, तोवर बंद. मागची एक फळी निघालेली होती. सिंधूताई साफसफाई करून घ्यायला सकाळी कोठीचं दार उघडायला गेल्या. आत, पोत्यांच्या ढिगावर, पिल्लं होती. रेवतीनं भुकेपोटी काही केलं नाही. जे कोणत्याही नरापासून वाचवायचं तेच तिनं सिंधूताईंपासून वाचवलं. सिंधूताई कोठीतून जिवंत बाहेर आल्या नाहीत.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. वाघिणीला बेशुद्ध करून पिल्लांसह दूरच्या पिंजऱ्यात हलवलं. निनादची बदली खारफुटीच्या मोजणीवर झाली. निरोप घेताना तो वैजयंतीला म्हणाला, “गाव झाकलेलं होतं गं. कुणाच्या लक्षात येणार?”

“कुणाच्याच नाही,” ती म्हणाली.

खुर्ची तिला मिळाली आणि पद्धतीला नावही. ‘मुनघाटे दुरुस्ती’ आज त्या विषयात सगळीकडे शिकवली जाते आणि ती शास्त्राला धरून आहे: धाक-नकाशावर एकही चौकोन झाकायचा नाही. गावातही खुंट ठोकायचे, चावडीपाशी, शाळेपाशी, कोठीपाशी. लोकांनीच अर्ज करकरून मागून घेतले.

इंदुताई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटलीही काढली नाही. “माझ्यापासूनच झालं का जी ते?” त्यांनी विचारलं. “मीच म्हटलं होतं ना, मोठा करा म्हणून?”

हा प्रश्न म्हणजे वैजयंतीला मिळालेली शेवटची संधी होती. पलीकडचं टेबल रिकामं होतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

“तुम्ही मागणी केली होती, ताई,” ती हळू आवाजात म्हणाली. “नोंदीत आहे तसं.”

इंदुताईंनी मान डोलावली. जाता जाता दारात थांबल्या. “तेंदूझरीत आता वाघ किती मोठा हाय?”

“तुमच्याएवढाच.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिचा मोठा राहू द्या.”

तेंदूझरीची गुरं वासाला बिचकून गावात येईनात. आधी गुरं विकली गेली, मग त्यांच्यामागोमाग घरं रिकामी झाली. हिरडगावही आता निम्मं उठलंय. खरे वाघ तर कधीच निघून गेले, त्यांना फिकट चौकोन उरला नव्हता. वैजयंतीच्या खिडकीतून दिसणारं रान काठोकाठ भरलेलं आहे आणि त्यात राहायला कुणी नाही.

मिळकत सांगायची तर खुर्ची वैजयंतीची झाली, रान भासवाघांचं झालं. भरणा सिंधूताईंनी केला, रेवतीनं केला आणि ज्यांची काही चूक नव्हती त्या इंदुताई अजून करताहेत. दर अमावास्येला त्या रिकाम्या तेंदूझरीत जाऊन शेंदूर लावलेल्या खुंटापुढे बसतात आणि बहिणीच्या वाघाला सांगतात, तू मोठा, बाबा, तूच मोठा.