घटपर्णीची जागा

"जरा तुमचा हात उन्हात करता का?"

सोनिया वाळलेली ओढणी दोरीवरून काढत होती. वळून पाहिलं, तर शेजारच्या गच्चीवर एक तरुण उभा… दोन्ही हातांत कुंडी, आणि मधल्या कठड्यावर दगडाखाली दाबलेला पांढरा कागद.

"कशाला?"

"सावली बघायचीय. माझे दोनी हात गुतल्यात."

साताऱ्यात येऊन तिला चारच दिवस झाले होते. सरकारी खात्यातली नवी नोकरी, दोन महिन्यांचं प्रशिक्षण, आणि निवृत्त सुभेदार आप्पासोंच्या घरात वरची खोली. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, असं आईनं निघताना तीनदा बजावलं होतं. पण अनोळखी माणसानं नुसती सावली मागितली तर काय करायचं, हे काही सांगितलं नव्हतं.

तिनं कागदावर हात धरला. सावली काळीकुळकुळीत पडली, पाची बोटं वेगळी मोजता यावीत अशी.

"लय कडक," तो पुटपुटला. "अशी ठळक पडली की पानं करपत्यात. पडलीच न्हाई तर घागरी धरत न्हाईत. कडा जरा पुसट दिसायला पायजेत."

"घागरी?"

त्यानं कुंडी कठड्यावर ठेवली. लांबट हिरवी पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला एक तार, आणि एकाच तारेला लटकलेली बोटभर वाळकी घागर. वर इवलंसं झाकणसुद्धा. सोनियानं आत डोकावलं. तळाशी मुंग्यांचे पाय, माशीचा पंख…

"घटपर्णी म्हनत्यात. किडं खाती," तो म्हणाला. "काठावर गोड रस. किडा चाटाय येतो, पाय घसरतो, संपला."

ती बघतच राहिली. झाडांना शेरडं-मेंढरं खातात, एवढंच तिला ठाऊक होतं. झाडानंच उलटून शिकार करावी, आणि तीही जागचं न हलता… तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

त्याचं नाव कृष्णात. पाटणजवळच्या ऊसवाल्यांचा मुलगा, इथं एमआयडीसीत मशीनवर. पहिलं झाड त्याच्या वडिलांनी मारलं होतं. "उसाला घालत्यात तसा युरिया घातला मायेनं. पोट भरल्यावर शिकारीला कोन जातंय? घागरी बंद झाल्या, मग झाडबी गेलं." हे दुसरं. त्याच्यासाठी आई पाटणहून पावसाचं पाणी कॅन भरून पाठवायची. खिडकी झाली, जिना झाला, टाकीखाली झालं, हिरव्या जाळीखाली झालं… पण सहा महिन्यांत नवी घागर नाही.

"एकेका जागी किती दिवस ठेवलं?"

"चार-पाच."

सोनिया हसली. "आमच्या आबांनी तुमाला मेंढ्यामागं न्हेलं नसतं."

सोनिया माधवनगरची असली तरी घराणं मूळचं जतकडचं, मेंढक्यांचं. आबा म्हणजे तिचे आजोबा, अर्जुना. मेंढ्यांचा तळ कुठं टाकायचा हे आबा कधी उभ्याउभ्या ठरवत नसत. घोंगडं टाकून त्या जागी एक अख्खा दिवस बसत. ऊन कुठनं येतं, कुठं थांबतं, वारा कधी फिरतो… दिवस मावळला की मग सांगत, हितं, नाहीतर न्हाई.

"मग बसू की," कृष्णात म्हणाला. "येत्या रविवारी?"

"झाडासाठी," सोनियानं बजावलं.

"झाडासाठीच," तो म्हणाला, आणि उगाचच कुंडीकडं बघू लागला.

रविवारी दोघं बसले. कठड्याच्या अलीकडं ती, पलीकडं तो. दर तासाला तिनं कागदावर हात धरायचा आणि त्यानं खडूनं खूण करायची. आप्पासो दर तासाला खोकत वर यायचे आणि पाण्याची टाकी बघून जायचे. त्या टाकीची एवढी काळजी त्यांनी जन्मात केली नसेल.

दहानंतर ऊन तापलं. तेव्हा सोनियाचं लक्ष तिच्या गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडं गेलं. आप्पासोंचा शेवगा तिथं वाकून आला होता. बारीक पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी सांडत होतं, वाऱ्यासरशी हलत होतं.

"आमच्या अंगणातल्या बाभळीची सावली अशीच असती," ती हळूच म्हणाली. "ना ऊन, ना सावली. आबा नवं कोकरू तिथंच ठेवत्यात. मोठ्या मेंढीला, माणसालाबी तिथं बसू देत न्हाईत."

तिनं तिथं हात धरला. सावली पडली… कडा पुसट, मऊ. कृष्णात सावलीकडं बघत होता, मग हाताकडं, मग तिच्याकडं.

"गावली जागा," तो म्हणाला.

अशी घटपर्णी सोनियाच्या बाजूला आली. सकाळचं कोवळं ऊन, दहानंतर शेवग्याचे ठिपके, आणि हवा कोरडी म्हणून कठड्यावर ओलं गोणपाट. कृष्णात ड्यूटीवर जाताना-येताना कठड्यावरून डोकावायचा. महिन्याभरानं एका तारेचं टोक फुगलं. दोघं श्वास रोखून पाहत राहिले.

"घागर उघडली की तुमाला एक सांगायचं हाय," तो म्हणाला.

"आत्ताच सांगा की."

"न्हाई… उघडली की."

झालं. त्या दिवसापासून सोनियाला झोप लागेना. टोक वळलं, वर उचललं, घागर बोटभर झाली. पण झाकण काही उघडेना. आणि तिचे दोन महिने संपत आले. माधवनगरची सोनिया आणि पाटणचा कृष्णात पुन्हा कशाला भेटतील? हा माणूस झाकणाची वाट बघत बसणार, आणि आपण निघून जाणार. तिला त्याचा राग येत होता, आणि राग येतो म्हणजे काय, हेही तिला कळत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी तिची बॅग भरलेली होती. घागर मिटलेलीच. तिनं ती हलकेच उन्हासमोर धरली… आणि थक्क झाली. पातळ हिरव्या भिंतीतून आतलं पाणी दिसत होतं. निम्मी घागर भरलेली.

"ह्यात पानी कुनी घातलं? झाकान तर बंद हाय."

"कुनी न्हाई. उघडायच्या आदीच आतनं भरती ती."

सोनियानं मान वर केली. "मग तुमी कशाची वाट बघताय?"

शेवगा हलला. ठिपके कृष्णातच्या तोंडावरून फिरले.

"मला तुमी आवडता," तो म्हणाला. "लय. पयल्या दिवशी सावली बघायची हुती, पन मी हातच बघितला."

"मलाबी," ती म्हणाली, आणि तिला एकदम हलकं वाटलं. "पन आमच्यात उभ्याउभ्या ठरत न्हाई. आबांच्यापुढं येऊन अख्खा दिवस बसावं लागंल."

पुढच्या रविवारी सूर्य उगवायच्या आत माधवनगरच्या अंगणात मोटारसायकल थांबली. कृष्णातनं फोनमधला फोटो आबांपुढं धरला. उघडी घागर, लालसर काठ, आत पाणी. आबांनी तो बराच वेळ पाहिला. "झाडाचं दावलंस. आता तुजं बघू." त्यांनी अंगणाच्या मधोमध घोंगडं टाकलं. "बस."

तो बसला. ऊन चढलं. दहा वाजले, अंगण तापलं, मानेवरून घाम ओघळला, तरी तो हलला नाही. सोनिया दारात उभी होती, पदर चावत… आबांपुढं बोलायची सोय नव्हती.

शेवटी आबाच काठी टेकत उठले.

"ऊठ रं जरा."

त्यांनी घोंगड्याचं टोक धरलं, ओढत ओढत कोपऱ्यातल्या बाभळीखाली नेलं आणि हातानं झटकून नीट अंथरलं.

"आता हितं बस."

त्या जागी कोकरांशिवाय कुणी बसलेलं सोनियानं आजवर पाहिलं नव्हतं.