देवमाशाच्या बरगडीला बांधलेला टाक

तो आवाज हर्षाने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिला वाटलं, कोणाची तरी म्हैस अडली आहे. लग्न होऊन आदल्याच दिवशी ती सासरी आली होती. तिने नवऱ्याला हलवून उठवलं. रूपराव झोपेतच म्हणाला, "म्हैस नाई व्हय ते. देवमासा गाऊन राह्यला. मशीन बंद कराची राह्यली वाटते."

पोरांनो, ही गोष्ट त्याच हर्षाची. आपल्या गावच्या रामाजीची भाची ती. खोटं वाटलं तर देवळीला जाऊन विचारा, पण दिवसा विचारा.

देवळीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, कापसातली सरकी काढायची एक जिनिंग बंद पडली होती. कापूस गेला, पत्र्याचं लांबलचक गोदाम तेवढं राहिलं. जन्मभर समुद्रावर राहिलेल्या एका साहेबांनी तिथे देवमाशांचं संग्रहालय उघडलं. आपल्याकडे समुद्र कुठला? पण एवढ्या जनावराचा अख्खा सांगाडा टांगायला तेवढंच छप्पर मिळालं, असं साहेब म्हणत. शाळांच्या सहली येतात, मोठ्या कॉलेजची पोरं हाडांची मापं घेतात, आणि कोपऱ्यातल्या मशीनमधून देवमाशाचं गाणं वाजतं.

रूपराव तिथला राखणदार. मागच्या दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड. देवमासा मेला तरी त्याची हाडं कित्येक वर्षं तेल सोडत राहतात. ती हाडं रोज पुसावी लागत, जबड्याखालचं तेलाचं घमेलं रिकामं करावं लागे. हे काम आधी त्याची पहिली बायको, सुलोचना, करायची. ती तापाने गेली. मग हर्षा आली, आणि रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक आला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. गेलेलीचा जीव संसारात अडकू नये म्हणून दुसरीने तिला गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा पहिला घासही तिचाच.

हर्षाने सगळं केलं. मेलेल्या बाईचा राग तरी कसा धरायचा? पण रूपराव घरात मुका, आणि हाडं पुसायला गेला की त्याला वाचा फुटायची. एकदा ती चहा घेऊन गेली, तर तो बरगडीवर फडकं फिरवत हसत होता. "थांब ना सुलू, इकडची बाजू राह्यली."

चहा घेऊन ती तशीच परतली. रात्री वाढता वाढता म्हणाली, "माशाले सुलू म्हणता काय जी?"

"तिनंच पुसपुसून जपलं त्याले."

"मले कधी हर्षू म्हटलं नाई."

"म्हणू का?"

"मागून घेतलेलं काय कामाचं?" ती म्हणाली, आणि भाकरी जरा जोरातच ताटात टाकली.

यंदाची पौष अमावास्या. रूपरावाची आई सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती होती, तो रात्री तिच्याजवळच राहायचा. अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"घमेलं पाह्यजो वं. भरलं असन त तेल फरशीवर सांडते."

"अन् मी जेवली का, ते?"

"...जेवली का?"

"ठेवा."

ती गेली. गोदामात दिवा लावला, आतून कडी घातली. घमेलं डब्यात ओतलं, परत जागेवर ठेवलं. काम झालं होतं. पण ती तिथेच उभी राहिली. वर बरगड्या पसरल्या होत्या. त्यांच्या खाली उभं राहिलं की कोणाच्या तरी मिठीत शिरल्यासारखं वाटायचं. रूपराव रोज इथे उभा राहतो...

तिने गळ्यातला टाक काढला. स्टुलावर चढली. खालच्या बरगडीला दोरा गुंडाळला आणि करकचून गाठ मारली.

"घे बाई. तुले इथंच बोलावते ना तो? मंग इथंच राह्य. माहा गळा मोकळा कर."

खरंच, गळा हलका झाला.

आणि लाइन गेली.

सूरज पोरा, गोष्ट ऐकता ऐकता मागं काय पाहतो? कोणी नाई तिथं. इकडं पाह्य.

अंधार. हर्षा स्टुलावरून चाचपत उतरली. तेवढ्यात कोपऱ्यातून तो आवाज आला. लांब, खोल. मशीन वाजत होती. लाइन नव्हती, तरी वाजत होती.

मग तोही थांबला.

आणि मागे राहिला दुसरा आवाज. बारीक. फडक्याचा... हाडावरून फिरणाऱ्या फडक्याचा.

एक बरगडी. थांबला. दुसरी बरगडी...

हर्षा तोंडात पदर कोंबून बसली. आता येईल, आता गळा धरेल. पण आवाज जवळ येत नव्हता. लांब जात होता. शेपटीकडे. मग दाराकडे.

कडी सरकली. ती आतून घातलेली होती.

दार उघडलं... आणि नुसती थंडी आत आली.

झुंजुरका होईस्तोवर ती स्टुलाचा पाय धरून बसली होती.

पहिल्या बसने रूपराव आला. तोंडावर तजेला, जन्मात नव्हता तसा. हर्षा ओट्यावर होती. तो तिच्यापुढे येऊन लाजल्यासारखा हसला.

"रात्री कवा आलती तू? उठवाचं तरी."

"कुठं?"

"दवाखान्यात. माहा डोळा लागलता. बाजूच्या खाटेवरची म्हातारी सांगे, तुही बायको रातभर तुह्याजवळ बसून होती म्हणे." त्याने छातीवर बोट ठेवलं. "अन् हे बी लावून गेली."

शर्टाचं दुसरं बटण. चार दिवसांपासून तुटलेलं. लावते, लावते म्हणत हर्षाने लावलं नव्हतं. आता ते घट्ट बसलं होतं. हिरव्या दोऱ्याने. घरात हिरवा दोरा नव्हता.

हर्षा बटणाकडे बघत राहिली. मग त्याच्या तोंडाकडे. असं प्रेमाने त्याने तिच्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं. आणि ते सुद्धा दुसरीच्या वाट्याचं...

"हो," ती म्हणाली. "मीच आलती."

रूपरावाने मान हलवली. हसला. आणि हसता हसता त्याची नजर तिच्या गळ्यावर आली.

रिकाम्या गळ्यावर. टाक नव्हता.

हसू विरलं. त्याने बटणावर हात ठेवला, हळूच, कोणाचा तरी हात धरावा तसा. कोंबडा आरवला. हर्षा काहीतरी बोलणार होती...

तो वळला, आणि गोदामाकडे चालत गेला.