ठिगळ

मिरजेत हृदयाला ठिगळ लावून मिळतं, हे आता स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक झालं होतं. परगावचा पेशंट धापा टाकत उतरला की ते विचारत, "ठिगळाला आलाय काय?" आणि थेट हृदय-संशोधन संस्थेच्या दारात नेऊन सोडत.

हे ठिगळ मूळपेशींचं. मूळपेशी म्हणजे शरीरातल्या कोऱ्या पेशी. अजून कुणीच न झालेल्या, पण शिकवलं तर काहीही होऊ शकणाऱ्या. त्यांना हृदयाच्या पेशी व्हायला शिकवायचं, त्यांचा बोटभर पातळ तुकडा वाढवायचा आणि हृदयविकाराच्या झटक्याने मेलेल्या जागेवर बसवायचा. डॉ. वैजयंती लाटकरांनी या कामात उभी हयात घालवली होती. ठिगळ हा शब्दही त्यांचाच. नाव मात्र झालं ते त्यांच्या विद्यार्थिनीचं, डॉ. ऋजुता घोरपडेचं.

गुरूने शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी म्हणतात. असं म्हणणारा बहुधा कधी हरलाच नसावा. वैजयंतीबाई पेशंटच्याच रक्तातून मूळपेशी तयार करत. ठिगळ व्हायला तीन-चार महिने लागत. ऋजुताने ती वाटच सोडली. तिने स्वतःच्या रक्तातून पेशी घेतल्या, त्यांच्यावरची परकेपणाची खूण पुसून टाकली आणि कुणाच्याही छातीत चालेल असं ठिगळ तयार केलं. तिच्या पेशी काचेच्या डिशमध्ये चार दिवसांत ठोके देऊ लागत. लोक ती डिश बघायला येत, आणि वैजयंतीबाईंच्या पोटात दुखे.

त्यातच वैजयंतीबाईंच्या नवऱ्याला, श्रीनिवासला, झटका आला. त्याच्या हृदयाचा डावा कोपरा मेला, आणि तपासण्या पाहून डॉक्टरांनी सांगितलं की थांबायला वेळ नाही. श्रीनिवासने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. तो सरळ बोलायचा.

"वैजू, राग मानू नकोस," तो म्हणाला. "तुझं ठिगळ अजून रांगतंय. ऋजुताचं धावतंय."

वैजयंतीबाई हसल्या. आतून मात्र जळून खाक झाल्या. लग्नाला तीस वर्षं झालेल्या नवऱ्याच्या काळजात आता ऋजुता जाऊन बसणार होती.

प्रयोगशाळेत एक रीत होती. रविवारी जो येईल त्याने सगळ्यांच्याच पेशींना जेवायला घालायचं, म्हणजे डिशमधलं जुनं पोषकद्रव्य काढून ताजं भरायचं. त्या रविवारी वैजयंतीबाई आल्या. श्रीनिवाससाठी ठेवलेली ऋजुताची डिश समोर होती. शेजारी त्यांनी स्वतः वाढवलेल्या पेशी होत्या, श्रीनिवासच्याच रक्तातून काढलेल्या. ओळखता याव्यात म्हणून त्यांच्यात निळ्या दिव्याखाली हिरवं चमकणारं प्रथिन घातलेलं होतं. त्यांनी आपल्या पेशींचा एक थेंब ऋजुताच्या डिशमध्ये सोडला. त्याच्या हृदयात थोडं माझंही असू दे, एवढंच मनात होतं. कुठल्याही विद्यार्थ्याने असं केलं असतं तर त्यांनी त्याला कान धरून बाहेर काढलं असतं.

बुधवारी चोरून निळा दिवा लावला, तर हिरवे ठिपके निम्मेही उरले नव्हते. शुक्रवारी त्याच दिव्याखाली डिश नुसती काळी होती, हिरवा एकही ठिपका नव्हता. ठोके मात्र उत्तम चालले होते.

आधी त्यांना नुसता संताप आला. माझ्या पेशींना इथेही जागा नाही! मग त्यांच्या लक्षात आलं. दमदार पेशी शेजारच्या दुबळ्या पेशींना मरायला लावतात आणि त्यांची जागा घेतात, हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. डिशमध्ये मेलेल्या पेशी श्रीनिवासच्या होत्या. मग त्याच्या हृदयातल्या, तशाच पण थकलेल्या पेशींचं काय होणार?

हे सांगायचं तर आपली चोरी सांगावी लागणार. आणि सांगूनही लोक एवढंच म्हणणार की म्हातारीला जळतंय. खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःवरही भरवसा राहिला नव्हता. पण ऑपरेशन सोमवारी होतं.

त्या ऋजुताच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

ऋजुताचा चेहरा लाल झाला. "मॅडम, पेशंटच्या डिशमध्ये? तुम्ही?"

"तक्रार कर. मी नाही म्हणणार नाही. पण आधी तुझे जुने पेशंट बघ."

ऋजुताने रागारागातच पहिल्या पेशंटच्या हृदयाची चित्रं पडद्यावर काढली. ठिगळ मूळच्या जागेपलीकडे पसरलेलं होतं, जवळजवळ निम्म्या हृदयावर.

"हे मी पाहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, छान रुजलंय."

पेशंट मात्र ठणठणीत होता. रोज टेकडी चढत होता. सगळं हृदय बदलून होईपर्यंत तो तसाच राहील की मध्येच कुठे ठोका चुकेल, हे दोघींपैकी कुणालाच सांगता येईना. भेसळ झालेली डिश आता चालणार नव्हती, आणि नवी लावून तपासायला आठवडा लागणार होता. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारवर गेलं, आणि दोघी मिळून श्रीनिवासच्या खाटेशी आल्या.

दोघींनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं. "म्हणजे वर्ष-दीड वर्षाने माझ्या छातीत सगळं तुमचंच?" त्याने ऋजुताला विचारलं.

"पेशी माझ्या, सर," ऋजुता म्हणाली. "हृदय तुमचंच."

"आणि वैजूच्या ठिगळासाठी थांबलो तर?"

"कदाचित टिकशील," वैजयंतीबाई म्हणाल्या. "कदाचित नाही."

"तुझं मत काय?"

"माझं मत विचारू नकोस. त्यात काय काय मिसळलंय ते माझं मलाच कळत नाही."

"बरं. या पेशी ऋजुताच्या नसत्या, सोलापूरच्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या असत्या, तर काय सांगितलं असतंस?"

उत्तर त्यांना लगेच सुचलं, आणि म्हणूनच लाज वाटली. ऋजुता खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"लावून घे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

श्रीनिवासने त्यांचा हात धरला. त्याला दम लागत होता, म्हणून तो थांबत थांबत बोलला.

"घेतो लावून. पण वर्षाने, ते सगळं तिचं झाल्यावर, तू माझ्या छातीवर डोकं ठेवशील?"