ओल्या आवाजाची तबकडी

"ओ मॅडम… बोटं काठाला! मधे नका लावू, मधे!"

ज्ञानदा इतकी दचकली की हातातली गाण्याची तबकडी सुटता सुटता राहिली. मागं वळून बघते तर एक उंच, सावळा तरुण. खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर अशी काळजी, जणू तिच्या हातात त्याचं तान्हं पोर आहे.

"तुमची आहे का ही?" तिनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"अजून नाही," तो हसला. "पण होणार की."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. रविवारच्या जुन्या बाजारात केराबाईनं नेहमीच्या जागी पोतं अंथरलं होतं. त्यावर कंदील, कुलपं, बंद पडलेली घड्याळं आणि कोपऱ्यात दहा-बारा तबकड्या. केराबाईनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं.

"ताई, ह्यो भवानी पेठेतला चादरवाला, महेश्वर. तबकड्यांचा लई नाद हाय त्याला. दर रविवारी येतो अन् समद्या उचलून नेतो. तुमी आज लवकर आला म्हून तुमाला दिसल्या तरी."

"तुम्ही कुठली शोधताव?" महेश्वरनं विचारलं.

ज्ञानदा काय सांगणार? तबकडीचं नाव तिला ठाऊक नव्हतं. लेबल झिजून कोरं झालेलं, वर साधं खाकी पाकीट. ठाऊक होती ती फक्त चाल.

"गाऊन दाखवा मग."

"इथं? बाजारात?"

"केराबाई काय तिकीट लावणार नाही."

आता शुक्रवार पेठेत राहणारी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही शिस्तीची बाई. भर बाजारात गाणं म्हणणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. पण त्या माणसानं खरोखरच डोळे मिटले, ऐकायला. मग तिनंही मिटले… आणि गुणगुणली. तीन पायऱ्या उतरणारी, मधेच थबकणारी, पुन्हा सावकाश वर चढणारी ती चाल. बाबांची चाल.

डोळे उघडले तर महेश्वर तिच्याकडंच बघत होता. तिनं घाईनं पदर सारखा केला. पदर सारखाच होता.

"गिटार आहे," तो हळूच म्हणाला. "गाणारं कुणी नाही. तबकडी लहान होती ना, बशीएवढी?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"माझाच नाद आहे तो. सर्फचं संगीत."

सोलापुरात समुद्र कुठला? इथं नळाला पाणी येतं तेच चार-पाच दिवसांनी, आणि समुद्र बघायचा तर अख्खी रात्र एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. पण नादाला का कारण लागतं! साठ वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटांवर फळी घेऊन घसरणाऱ्या पोरांसाठी काही बँड नुसतं गिटार वाजवायचे. शब्द नाहीत, गायक नाही. गिटारचा आवाज मात्र असा, जणू विहिरीच्या तळातून घुमत वर येतोय. महेश्वर त्याला ओला आवाज म्हणायचा. त्याच्याकडं तसल्या सत्तर तबकड्या होत्या.

"समुद्र बघितलाय का कधी?" तिनं विचारलं.

"एकदाच, लहानपणी. लाट अंगावर आली अन् मी असा रडलो की आई मला उचलून थेट स्टँडवर घेऊन आली."

ज्ञानदा खळखळून हसली. बाबा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, ती अशी हसली नव्हती.

"मी शोधून देतो तुमची चाल," तो एकदम म्हणाला. "पण सापडली तर मला काय?"

"सापडली तर… मागाल ते."

"बघा हं. चादरवाला आहे. मोजून घेतो."

पुढच्या रविवारी ती भवानी पेठेत गेली. खाली दुकान, वर माडीवर त्याची खोली. जिन्यातच त्याच्या आईनं, जगदेवीबाईंनी तिला अडवलं. "बा यव्वा, बा! ऊटा आतेनव्वा?" म्हणजे कानडीत, ये गं बाई, जेवलीस का. जेवून आलेय म्हटलं तरी ताटलीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आलीच.

महेश्वरनं प्लेअर दाखवला. "हे बघा, मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे घेते, लहान पंचेचाळीस. हा खटका त्यासाठी. आवाजाचा डबा, म्हणजे स्पीकर, इन्व्हर्टरवर आहे, प्लेअर साध्या लाइटवर. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, इन्व्हर्टरचा एकच प्लग दिलाय मला."

"म्हणजे लाइट गेली तर?"

"आवाज जागा, तबकडी झोपली!"

खरं सांगायचं तर ज्ञानदाचं खटक्याकडं लक्षच नव्हतं. ती त्याची बोटं बघत होती. काय हलक्या हातानं धरतो हा माणूस! गठ्ठे उचलून खरबरीत झालेली बोटं, पण तबकडीला लागताना अशी मऊ… असो. त्यानं पहिली तबकडी लावली. पाकिटावर निळी लाट आणि फळी घेतलेला पोरगा. सुई टेकली, आणि गिटार जी सुटली ती सुटलीच. धडाधड, धडाधड!

"अगं बाई! हे काय? कुणाची एसटी चुकतेय का?"

महेश्वरचा चेहरा पडला. "माझी सगळ्यात आवडती आहे ही."

"राग आला?"

"आला. चटणी खा, मग जाईल."

अशी सुरुवात झाली. मग रविवार आला की ज्ञानदाचं घड्याळ पुढं पळायचं. दर वेळी तो पाच-सहा तबकड्या काढायचा, दर वेळी ती मान हलवायची. "नाही हो… बाबांची संथ होती. माणूस झोपाळ्यावर बसल्यासारखी." तो वहीत लिहायचा, "संथ". मुंबईला फोन करायचा, परदेशात पत्रं धाडायचा. ती त्याला भरती-ओहोटी शिकवायची, तो तिला सुईची धूळ मऊ कुंचल्यानं कशी झटकायची ते. कुंचला देताना बोटांना बोटं लागायची आणि दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागायचे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत असायच्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं खरं काय ते सांगितलं.

"ती तबकडी हरवली नाही. मी भंगारात दिली. बाबा गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत… आईला बघून रडू येतं म्हणून मी ते खोकं प्लेअरसकट देऊन टाकलं. मला वाटलं, तिचं दुःख कमी होईल. ती एवढंच म्हणाली, 'असू दे.' पण आधी भाजी निवडताना ती चाल गुणगुणायची ना, ते बंद झालं. कायमचं."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"तेवढंच नाही हो… आता मीही ती विसरायला लागले आहे. घरात एकच तबकडी, रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा लावायचे. प्लेअरला हात लावायची आम्हाला बंदी. इतकी वर्षं ऐकली, आणि आता मधला तुकडा आठवत नाही. परवा गुणगुणले तेव्हा काहीतरी भलतंच आलं. माझ्याकडून ती पुसली गेली तर बाबांची ती दुपार कुणाकडंच उरणार नाही."

महेश्वरनं वही उघडली, पहिल्या रविवारपासून ती जेवढी जेवढी गुणगुणली होती त्याच्या खुणा त्यात होत्या. वर-खाली जाणाऱ्या रेघा, भूगोलाच्या नकाशासारख्या. ज्ञानदा त्या रेघा बघत राहिली. हा माणूस आपली चाल आपल्यापेक्षा जपून ठेवतोय, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि आपण याच्या प्रेमात पडलोय, हेही.

झालं, तिथून पंचाईत सुरू झाली. तबकडी सापडावी असं तर मनापासून वाटायचं. पण सापडली की रविवार संपले! न सापडल्याचा आनंद होतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. बाबांची चाल बुडते आहे आणि मी इथं शेंगाचटणी खात बसलेय? ती दोन रविवार गेलीच नाही. महेश्वरनं फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी निरोप आला तो जगदेवीबाईंचा. "पोरगं नीट जेवेना झालंय. तबकडी र्‍हाऊ दे, तू ये."

एप्रिलची दुपार होती. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ती माडीवर आली तेव्हा महेश्वर पाठमोरा बसला होता, आणि ती निळ्या लाटेची तबकडी धडाधडा वाजत होती.

"एसटी अजून चुकतीच आहे का?" ती दारातून म्हणाली.

तो वळला. चेहरा उजळला, मग पुन्हा विझला. "मला नाही सापडली, ज्ञानदा. सगळीकडं विचारलं. मी हरलो." पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली.

"मी त्यासाठी आले नाही," ती म्हणाली. "मला तुम्हाला सांगायचं होतं की…"

आणि लाइट गेली.

पंखा मंदावला. प्लेअर मंदावला. पण आवाजाचा डबा इन्व्हर्टरवर जागाच होता. धडाधड पळणारी गिटार दमली, सावकाश झाली, जड झाली… तीन पायऱ्या उतरली, थबकली…

"थांबा!" ज्ञानदा ओरडलीच. "हीच! महेश्वर, हीच आहे!"

तोवर तबकडी घरघरत निजली. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग महेश्वरनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! तुमच्या बाबांनी लहान तबकडी तेहतीसवर लावली! गायक असता तर आवाज रेड्यासारखा आला असता, लगेच कळलं असतं. इथं नुसती गिटार, कळणार कुणाला? अन् मी शहाणा, 'संथ, संथ' म्हणून दुनिया पालथी घातली. पहिल्या दिवशी तुमच्यापुढं लावली होती की हो हीच!"

"सत्तर तबकड्यांचे मालक!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पुन्हा ऐकवा ना…"

"लाइट कुठाय?" त्यानं खटका तेहतीसवर सरकवला, सुई पहिल्या रेघेवर ठेवली, लेबलवर बोट टेकलं आणि हातानं तबकडी फिरवायला लागला. चाल अडखळत, लंगडत निघाली. "हळू," ती म्हणाली. "अजून हळू…" आणि तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोघांच्या हाताखाली तबकडी फिरायला लागली. तीन पायऱ्या उतरून थबकली. वर चढली. आणि तो विसरलेला मधला तुकडा आला, जसाच्या तसा, बाबांच्या दुपारीसकट. ज्ञानदा हुंदके देऊन रडली. महेश्वरनं हात मात्र थांबू दिला नाही.

मग लाइट आली. तबकडी आपली आपण फिरू लागली. बराच वेळ खोलीत कुणी हललं नाही.

पुढच्या रविवारी महेश्वर प्लेअर आणि आवाजाचा डबा घेऊन शुक्रवार पेठेत आला. ज्ञानदाच्या आई, गोदावरीबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं. सुई टेकली. त्यांचे हात मेथीतच थांबले. डोळे मिटून त्यांनी सगळी ऐकली, शेवटच्या खरखरीपर्यंत.

"आई, बाबांचा खटका बिघडलेला होता का गं? ही तबकडी खरं तर जलद लावायची असते."

"बिघडला कशानं?" गोदावरीबाई हसल्या. "त्यांनीच फिरवला होता. लग्नानंतरचा पहिला रविवार. जोरात लावली, दोन मिनिटांत संपली. माझ्या तोंडून निघून गेलं, 'इतक्यात संपली?' तर म्हणाले, थांब, आता जास्त वेळ बसशील माझ्याजवळ. खटका फिरवला तो फिरवलाच. पुन्हा कधी म्हणून हलवला नाही."

त्यांनी पदरानं डोळे टिपले. "चहा टाकते," म्हणत उठल्या, आणि आत जाता जाता गुणगुणायला लागल्या.

बाहेर दोघंच उरली. महेश्वर कुंचल्यानं सुई झटकत होता. सुईवर धूळ नव्हती.

"मागाल ते, असं ठरलं होतं," तो खाली बघत म्हणाला.

"मागा."

"रविवार पाहिजेत."

"ते तर देतच होते की."

"मग सोमवार ते शनिवारपण." त्यानं मान वर केली. "माझं प्रेम आहे तुमच्यावर. केराबाईच्या पोत्यावर डोळे मिटून गायलात ना, तेव्हापासून. आईला घेऊन रीतसर विचारायला येऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच."

"म्हटलं की."

"कधी?"

ज्ञानदानं सुई उचलली, काठाशी हळूच टेकवली. तबकडी संथ फिरायला लागली.

"त्या दिवशी लाइट आली, तबकडी आपली आपण फिरायला लागली," ती म्हणाली, "तरी मी माझा हात काढला का?"