मागच्या सीटवर जागा नाही

हे खरंच घडलंय. पटत नसेल त्यांनी कळव्याला रवींद्रच्या घरी जावं आणि त्याच्या सोफ्यावर बसून दाखवावं.

आजवर जो गेला, तो उभ्यानेच चहा पिऊन आला.

गेल्या एप्रिलमधली शनिवारची संध्याकाळ. कोलशेतला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी सुदेशचं गॅरेज आहे. लांबच्या प्रवासासाठी बाइक सजवून द्यायचं काम तो करतो. क्रॅश गार्ड, फॉग लाइट, विंडशील्ड, साइड बॅगा. माणूस दारात आला की सुदेशला कळतं, हा जाणारा आहे की नुसता लावणारा. लावणाऱ्यांच्या गाड्या लडाखच्या थाटात सजतात आणि कसारा घाटसुद्धा बघत नाहीत.

रवींद्र मात्र जाणारा होता. खरं तर नेणारा.

त्याची आई, रंभा, अंथरुणाला खिळली ती बरीच वर्षं. तिचं सगळं त्याच्या बायकोने, मृणालने केलं. नवऱ्याची आई म्हणून नाही, स्वतःची असल्यासारखं. त्या वर्षांत ती ठाणे स्टेशनच्या पलीकडे गेली नाही. त्याआधीच्या पावसाळ्यात आई गेली, तेव्हा रवींद्र मृणालला म्हणाला, "आता तू सांग, कुठे जायचं."

"स्पिती," ती म्हणाली. लगेच. जणू उत्तर तयार ठेवलेलं. "तिथला ताबोचा विहार बघायचाय. हजार वर्षं जुना आहे. तुमच्या मागे बसून जायचंय."

म्हणून ही चारशे सीसीची गाडी. म्हणून हा खटाटोप. कळव्याच्या उकाड्यात मृणालने हिमालयातल्या थंडीसाठी लोकरी मोजे घेऊन ठेवलेले. शेजारणी हसायच्या. ती पण हसायची.

त्या संध्याकाळी सगळं लागून झालं होतं. राहिलेलं फक्त मागचं शॉकअप. सामान आणि दोन माणसं बसल्यावर गाडी मागे किती दबते ते मोजायचं आणि स्प्रिंग तेवढी कडक करायची. हँड गार्ड लावताना आरसे काढून ठेवले होते. सुदेश मागच्या चाकाशी उकिडवा बसला, हातात टेप.

"दादा, बसा तुम्ही. आता वहिनींना बसवा."

मृणाल समोरच्या गाड्यावर उसाचा रस आणायला गेलेली. रवींद्रला वाटलं, आली असेल. तो हँडल धरून समोर बघत होता. आणि या माणसाची सवय अशी, की दारात कुरिअरवाला आला तरी हा आधी बसा म्हणणार.

"या, या. बसा मागे," तो म्हणाला.

कॉम्प्रेसर थांबला.

शेजारच्या पत्र्यावर कावळे होते, तेही गप्प झाले.

मग... खट्. मागचा एक फूटरेस्ट उघडला.

खट्. दुसरा.

गाडी हळूच मागे दबली. जुन्या सवयीच्या माणसासारखं कोणीतरी बसलं. अजिबात न हलवता.

"बस्स. हलू नका," सुदेश म्हणाला. त्याने टेप लावली. "वहिनी, दिसता बारीक, पण वजनदार आहात हां!"

कोणी हसलं नाही.

"अहो, कोणाशी बोलताय तुम्ही दोघं?"

आवाज समोरून आला होता. रस्त्याच्या पलीकडून. मृणाल रसाचे ग्लास सांभाळत रस्ता ओलांडत होती...

सुदेश उठला. त्याने सीटकडे बघितलं. मग टेपकडे. रवींद्र खाली उतरला. तरी गाडी मागे दबलेलीच होती. नव्या जेल सीटवर मध्यभागी खळगा होता, आणि तो भरून येत नव्हता.

गॅरेजच्या ओट्यावर सुदेशची आजी, आवडाबाई, सुकट निवडत बसलेली. मान वर न करता ती रवींद्रला म्हणाली,

"तूच बस बोललास ना रं? मंग आता ऊठ कोन बोलंल त्याला?"

"आजी, गप्प बस गं," सुदेश म्हणाला. पण त्याने स्प्रिंगला हात लावला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

रवींद्रच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, बावीस प्रतिज्ञा पाठ. पोरांनी भुताखेताचं नाव काढलं तर वडील देवराम त्यांना उपाशी झोपवायचे. तो म्हणाला, "नवीन स्प्रिंग आहे. अडकली असेल. चल गं."

मृणालने पाय टाकला. टेकली. आणि लगेच खाली उतरली.

"जागा नाहीये, अहो."

"अगं, बॅगा रुंद आहेत. सवय होईल."

"बॅगा नाही." ती सीटकडे बघत होती. "मागे जागाच नाहीये."

ती रिक्षाने निघाली. तो गाडीवर.

वळणावर तो झुकायच्या आधी मागचं वजन झुकायचं. कळव्याच्या पुलावर तर ते किंचित वर उचललं गेलं... कोणी खाडी बघायला उठून बसावं तसं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी उभी केली. घामाने शर्ट भिजलेला. स्वतःलाच हसून घ्यावं म्हणून, आणि सवयीने, तो म्हणाला, "चला, उतरा आता. घर आलं."

स्प्रिंग हळूहळू वर आली.

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. गेलं एकदाचं!

मग त्याला आठवलं, आपण काय बोललो ते.

घर आलं.

सोसायटीने बिल वाचवायला जिन्यात हालचालीने लागणारे दिवे बसवलेत. तो खालीच उभा होता. पहिल्या मजल्याचा दिवा लागला... मग दुसऱ्याचा... तिसऱ्याचा लागला आणि लागून राहिला.

रवींद्र तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तो वर धावला. दार बंद. कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नाही. मृणाल पाठोपाठ आली, पर्स ठेवली, दमून सोफ्यावर टेकली आणि चटका बसल्यासारखी उठली. तिघांचा सोफा. रिकामा.

"इथेही नाही," ती म्हणाली.

पुढे काय काय केलं, ते सांगण्यासारखं नाही. बॅकरेस्ट काढली, सीट बदलली, बॅगा काढून घरात आणल्या. भगताकडे जायचं तर प्रतिज्ञा आडव्या येतात, आणि न जायचं तर रात्र. रोज संध्याकाळी रवींद्र दार सताड उघडायचा. आधी विनवून, मग ओरडून सांगायचा, "जा! निघा इथून!" बाहेरच्या दिव्याकडे बघत थांबायचा.

दिवा लागायचा नाही.

मृणाल जमिनीवर जेवायला बसायची. काही दिवसांनी तिला तिथेही जागा पुरेना. मग पलंगावरही. एक दिवस तिने लोकरी मोजे कपाटात ठेवून दिले आणि डोंबिवलीला बहिणीकडे, प्राचीकडे गेली. तिथून फोन केला तेव्हा रडत होती. "मी खुर्चीवर बसलेय अहो. नीट बसलेय. तुम्ही पण इकडे या. गाडी नको, स्पिती नको, काही नको मला. फक्त या."

गेल्या रविवारी भर दुपारी तो निघाला. रोज ऑफिसला तो एकटाच जातो, एकटाच येतो, तेव्हा काही होत नाही. म्हणून त्याला थोडी आशा होती. कपडे भरायला हाताशी आलं ते घेतलं. गाडीची साइड बॅग. कपडे कोंबले, पट्टे आवळले, बॅग खांद्याला लावली.

मागे सोफ्याचा कर्र... असा आवाज झाला.

त्याने दार उघडलं. तो अजून उंबऱ्याच्या आतच होता. बाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

जिन्यातला दिवा लागला.

इतके दिवस हाकलून न गेलेलं ते बाहेर जाऊन उभं होतं. तयार. प्रवासाला निघायची वाट बघत.

खिशात फोन वाजला. "निघालात का?" मृणालचा आवाज किती तरी दिवसांनी हलका वाटत होता. "प्राचीने मटण केलंय."

रवींद्र दिव्याकडे बघत राहिला. मग एक पाऊल मागे आला. बॅग खाली ठेवली.

"नाही गं," तो म्हणाला. "मला नाही जमणार. घरी पाहुणे आहेत."



बाहेरचा दिवा विझला... आणि त्याच्या अंगाला अंग घासून कोणीतरी आत आलं.