डावी कड

पार्श्वपट बसवलेली माणसं कोल्हापुरात आता पाच-सहाशे तरी असतील. ती लगेच ओळखू येतात. ती घाबरत नाहीत, कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत, आणि चेहऱ्यावर असं समाधान असतं की धडधाकट माणसाला हेवा वाटावा. त्यांच्या घरच्यांच्या चेहऱ्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही.

संग्राम इंगवल्यांना पट बसवायचं ठरलं तेव्हा ते पंच्याहत्तर वर्षांचे होते. विस्मरणानं सहा वर्षांत त्यांचं सगळं नेलं आणि भीती तेवढी मागे ठेवली. चमचा दिसला तरी ते ओरडायचे. बायको वृषाली जवळ गेली की तिला ढकलायचे आणि ही बाई कोण म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायचे. तुम्ही किती करता हो त्यांचं, असं शेजारी तिला म्हणायचे. म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक ते सढळपणे म्हणतात.

मेंदूतज्ज्ञ डॉ. रुबीना बागवान यांनी तिला रोगाचं मूळ समजावून सांगितलं. निरोगी मनात प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी असतं. चमचा दिसतो तेव्हा आपलं स्वयंपाकघर, आपलं गाव, आपलं सगळं आयुष्य त्याच्यामागे न बोलता उभं असतं. या रोगात ती मागची बाजूच पुसली जाते आणि चमचा कोऱ्या पोकळीत लटकलेला दिसतो. मग माणूस ओरडणार नाही तर काय करेल? त्यावर उपाय असा, की मेंदूत शाबूत उरलेली एखादी आठवण शोधायची आणि तीच रुग्णाच्या सगळ्या जाणिवेमागे कायमची लावून टाकायची. त्यालाच पार्श्वपट म्हणायचं.

"पूर्वी संगणकावर वेबपेजेस असायची ना काकू, त्यावरून हे सुचलं," डॉक्टर म्हणाल्या. "पानावरच्या चौकटीमागे चित्र लावायला सीएसएस नावाची भाषा होती."

वृषालीला हसू आलं. मंगल कार्यालयांची वेबपेजेस बनवण्यात तिनं बावीस वर्षं घालवली होती. चित्र चौकटीपेक्षा लहान असलं तर ते फरशांसारखं पुन्हा पुन्हा उमटतं, हे तिनंच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. पहिल्या रुग्णाचं तसंच झालं होतं. त्याला शाळेतला एकच बाक जिकडेतिकडे ओळीनं दिसत राहिला. हे उमटणं थांबवलं तर दोनच वाटा उरत होत्या. अख्खं चित्र मावेल एवढंच ठेवायचं, तर भोवती कोरं राहतं आणि रुग्ण नेमका त्या कोऱ्याकडे बघून ओरडतो. नाहीतर चौकट पुरती भरेपर्यंत चित्र मोठं करायचं. मग कोरं उरत नाही, पण कडा कापल्या जातात.

"कार्यालयाचे मालक फोन करून शिव्या द्यायचे," वृषाली म्हणाली. "मोबाइलच्या उभ्या पडद्यावर नवरी कापली जायची."

"यांच्या मनाची चौकटही तशी उभीच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

शाबूत आठवण एकच सापडली होती. ती अडतीस वर्षांपूर्वीची, मसाईच्या पठारावरची. यंत्रानं तिचं चित्र काढून दाखवलं. मध्यभागी मोटारसायकल होती. उभ्या जन्मातून नवऱ्यानं काय जपून ठेवलं, तर मोटारसायकल! डाव्या कडेला तोंडाशी हात धरून हाक मारणारी वृषाली होती, आणि उजव्या कडेला गवतातून पळत सुटलेली त्यांची मुलगी शाल्मली. पुढच्याच वर्षी ती तापानं गेली, नऊ वर्षांची असताना.

उभी चौकट भरताना चित्राचा मध्य धरला तर नुसती मोटारसायकल उरणार होती. उजवी कड धरली तर वृषाली कापली जाणार, डावी धरली तर शाल्मली. आणि एकदा बसवलेला पट पुन्हा बदलता येत नव्हता.

डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली. शाल्मलीला आठवणारी जगात दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक तिला विसरत चाललं होतं. आईनं काय करायला हवं हे वृषालीला पक्कं ठाऊक होतं. पण सहा वर्षं रोज ढकलून घेतल्यावर तिला एवढंच हवं होतं, की या माणसानं एकदा आपल्याकडे बघून आपलं नाव घ्यावं. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटत असतानाच तिनं अर्जावर 'डावी कड' लिहिलं.

पट उत्तम बसला. संग्रामरावांचं ओरडणं थांबलं, ते पोटभर जेवू लागले, शेजाऱ्यांशी गप्पा मारू लागले. फक्त वृषाली त्यांना दिसेना. ती पुढ्यात उभी राहिली की ते मान कलती करून पलीकडे बघायचे. तिनं हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत.

तीन आठवड्यांनी डॉक्टर घरी आल्या. त्यांनी संग्रामरावांना तपासलं. मग म्हणाल्या, की जो चेहरा पटात गेला तो मनाच्या लेखी मागचा झाला, मन त्याला पुढे येऊ देत नाही. पटाबाहेरच्या माणसाशी यांची नव्यानं ओळख होऊ शकते, वृषाली पटाबाहेर राहिली असती तर तिच्याशीही झाली असती. "आम्हाला हे आधी कळायला हवं होतं, काकू."

"मला माहीत होतं," वृषाली म्हणाली. पानामागच्या चित्राला बोट लावून काही होत नाही. आंधळ्यांना पान वाचून दाखवणारं यंत्रही ते सोडून देतं, कारण तो मजकूर नसतो. हे माणसालाही लागू होईल, एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

संग्रामराव गॅलरीत उन्हाला बसले होते. डॉक्टरांनी त्यांना बायकोबद्दल विचारलं.

"हाय की मागं," ते खुशीत म्हणाले. "कुठं जातीया ती? तोंडाला हात लावून हाक मारतीया बघा." मग जरा विचारात पडले. "पर कुणाला मारतीया ओ? तिकडं तर कुणीच न्हाई."

डॉक्टरांनी वृषालीकडे पाहिलं. ती नवऱ्याच्या समोर हातभर अंतरावर उभी होती. तिनं सांगितलेलं त्यांना ऐकू जाणार नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलेलं गेलं असतं. पण शाल्मलीचं नाव सांगितलं की ती कुठंय हे ते विचारणार, आणि मेलेली पोर त्यांच्यासाठी रोज नव्यानं मरणार.

"कुणालाच नाही म्हणून सांगा," वृषाली म्हणाली.

डॉक्टरांनी तसं सांगितलं.

"तरीच," संग्रामराव हसले. "सवयच हाय तिला, उगंच वरडायची."